बंब कुठवर आला? बेळगाव आणि सीमाभागातल्या अग्निशमन दलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात बंबावर नोकरी केली आणि लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. खाकी उतरली, पण गल्लीत कुणी भेटलं की बोलणं फिरून तिथंच येतं. "काका, तुमची गाडी नेहमी उशिराच का हो येते?" हा प्रश्न तर लोक लग्नाच्या पंगतीतही सोडत नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे खात्याचं पत्रक नव्हे, मधेमधे माझी मतं येणारच.

आग लागली तर फोन कुठं करायचा, १०१ की ११२?

कुठल्याही नंबरवर करा. ११२ वर पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका तिन्हींची सोय एकाच फोनमध्ये होते. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एकच आकडा राहतो, तो ११२ असू द्या.

सीमेवरच्या गावांनी मात्र एक ध्यानात धरावं. मोबाइल जवळचा टॉवर पकडतो, त्याला सीमावाद ठाऊक नाही. बाचीतून लावलेला फोन शिनोळीकडच्या टॉवरवर गेला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. कोगनोळी-कागल पट्ट्यातही तेच. म्हणून तोंडातून पहिलं वाक्य निघायला हवं ते हे: कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव.

"मारुती गल्लीत आग लागलीय, लवकर या" एवढं ओरडून फोन ठेवणारे पुष्कळ. अहो, मारुती गल्ली शहरात आहे आणि आसपासच्या गावागावांतही आहे. लक्ष्मी गल्लीचं तेच, कलमेश्वर गल्लीचंही तेच. काय पेटलंय, आत कुणी अडकलंय का आणि मोठी गाडी कुठल्या बाजूनं आत शिरेल, हे सांगा. फोन समोरच्यानं ठेवू दे, तुम्ही ठेवू नका.

समोरचा कन्नडमध्ये बोलायला लागला आणि मला कन्नड येत नसेल तर?

दोन-तीन वाक्यं पाठ करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतील. "बेंकी हत्तैती" म्हणजे आग लागलीय. "ओळग मंदी अदार" म्हणजे आत माणसं आहेत. "लगू बर्री" म्हणजे लवकर या. आपल्या लगोलगसारखंच कानाला लागतं. बाकी मराठीत बोललात तरी माझ्या काळात स्टेशनवर समजणारा कुणी ना कुणी असायचाच. आगीवर भाषेचा प्रश्न आलेला मला आठवत नाही. पंपाच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नाही, "पाणी सोड" हे हात वर करूनच सांगावं लागतं.

बंब उशिरा का येतो?

हा खरा प्रश्न. याला सावकाश उत्तर देतो.

लोक वेळ मोजतात तो ज्वाळा दिसल्यापासून. आम्ही मोजतो तो फोन आल्यापासून. मधली मिनिटं कुणाच्याच वहीत लिहिलेली नसतात. त्या मिनिटांत आधी बादल्या ओतून होतात, मग भाऊबंदांना फोन जातात, हल्ली तर व्हिडिओ निघतो आणि मग कुणालातरी आठवण होते, "अरे, बंबाला कुणी कळवलं का?" प्रत्येकाला वाटत असतं दुसऱ्यानं कळवलं असेल.

घंटा वाजल्यापासून गाडी स्टेशनाबाहेर पडायला मिनिटभर पुरतं. नंतर रस्ता. टिळकवाडीचं पहिलं गेट, दुसरं गेट ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. फाटक पडलेलं असलं की सायरन कितीही कोकलू दे, रेल्वे थांबत नाही. मग वळसा घालून उड्डाणपूल गाठायचा. दिवाळीच्या आठवड्यात गणपत गल्लीतून आणि खडेबाजारातून पायी चालणं मुश्कील, तिथं आमची गाडी म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखं.

शहापूरच्या बाजूला एकदा रात्री एका गल्लीच्या तोंडाशीच चारचाकी लावलेली होती. आत घर धुमसतंय, बायका ओरडतायत. आम्ही हॉर्न वाजवतोय. वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ डोकावून म्हणाले, "थांबा की पाच मिनिटं, चावी कुठं ठेवलीय बघतो." आम्ही थांबलो नाही. सहा जणांनी गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला सरकवला, तरी बंब शिरेना. शेवटी होस, म्हणजे पाण्याचे पाइप, एकाला एक जोडत आत पळवले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ बंपरला ओरखडा आला म्हणून तक्रार घेऊन हजर. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्या वेळी ती नव्हती.

तुमच्याकडून एकच गोष्ट मागायची झाली तर मी ही मागेन: फोन झाला की एक शहाणा पोरगा मुख्य रस्त्यावर उभा करा. रात्री हातात बॅटरी द्या. गाडीला बघून त्यानं पुढं पळत सुटायचं. नकाशावरचा ठिपका मागच्या गल्लीत नेऊन सोडतो, पोरगा दारात नेतो.

पाणी मधेच संपतं, म्हणजे गाडी अर्धी भरून आणता का?

नाही हो, भरलेलीच असते. हिशेब करा. मोठ्या गाडीची टाकी साधारण साडेचार हजार लिटरची. एका होसच्या तोंडातून मिनिटाला सुमारे साडेचारशे लिटर जातं असं धरलं तर टाकी दहा मिनिटं चालते. दोन होस लावले की पाच. म्हणून गाडी पोचण्याआधीच आमच्या डोक्यात पुढचं पाणी कुठलं, हे चालू असतं. दुसरी गाडी निघालेली असते, टँकरला निरोप गेलेला असतो. लोकांना दिसतं ते एवढंच, की होस लोळागोळा झाला आणि जवान नुसतेच उभे आहेत.

समोर विहीर होती, तरी त्यातलं पाणी का घेतलं नाही?

या एका प्रश्नावरून मी शिव्या खाल्ल्यात, म्हणून नीट सांगतो. पंप पाणी ओढून घेतो अशी आपली समजूत. खरं तर पंप पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब पुस्तकात दहा मीटर चढवतो, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे जात नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथं हवा थोडी विरळ आणि त्यामुळे हिशेब आणखी तोकडा. पंचवीस फुटांच्या खाली पाणी गेलं की विहीर तुडुंब असली काय आणि नसली काय, बंबाला सारखीच.

आपल्याकडे जुन्या विहिरी पुष्कळ. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर तर सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर अशा विहिरी आम्हाला देवासारख्या. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आगी जास्त, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. त्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्या आमच्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीला चिकटल्या की पंप नुसताच घरघरतो.

अग्निशमन दल महापालिकेचं ना? नगरसेवकाला सांगून काम होईल?

नाही. कोल्हापूरला पाहुणे असल्यामुळे आपल्याकडे हा घोटाळा होतो. तिकडे बंब महापालिकेचा. कर्नाटकात हे राज्य सरकारचं खातं आहे, तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या १९६४ च्या कायद्यानं उभं राहिलेलं. गाडी वाढवा, माणसं वाढवा ही मागणी बेंगळुरूपर्यंत जावी लागते. गल्लीतलं अतिक्रमण मात्र महापालिकेच्या हातात आहे, तिथं नगरसेवकाला जरूर धरा.

पिंजरीच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीला आग लागली तर ती दिवसभर का धुमसते?

सुगी झाली की येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात आणि खानापूरकडे गंज्या उभ्या राहतात आणि आमचे फोन सुरू होतात. गंजी रचलेली असते पाऊस आत शिरू नये म्हणूनच. मग बंबाचं पाणी तरी आत कसं शिरणार? वरून ओतलेलं सगळं बाजूनं निथळून जातं, वरचा थर काळा पडतो आणि पोटात निखारा जिवंत राहतो. गंजी फोडावी लागते. दाताळ्यानं नाहीतर जेसीबीनं थर ओढायचा, पसरायचा, भिजवायचा, मग पुढचा थर. आम्ही गंजी विस्कटतो तेव्हा शेतकऱ्याच्या जिवाला लागतं, पण उरलेली वाचवायला तोच मार्ग.

अशाच एका रात्री एक म्हातारे आजोबा बांधावर बसले होते. बैल सोडवून आणले होते, एकाच्या पाठीवरचे केस होरपळले होते. आजोबा त्या पाठीवर ओला पंचा दाबत होते. आगीकडे त्यांचं तोंडही नव्हतं. मला म्हणाले, "साहेब, घर जळालं असतं तर पोरं पाहुण्याकडं गेली असती. वैरण गेली, आता ह्यास्नी कुणाकडं पाठवू?" पंचनाम्यात त्याची एक ओळ होते, "पिंजर जळून नुकसान".

गंजी विजेच्या तारेखाली रचू नका, घराला आणि गोठ्याला चिकटून तर मुळीच नको. एकच मोठी रचण्यापेक्षा अंतर सोडून दोन रचा. बांध पेटवायचा असेल तर वारा पडल्यावर पेटवा आणि विझेपर्यंत तिथं थांबा, चहाला घरी येऊ नका. मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या काडाचंही सांगतो. ते चारचाकीखाली गुंडाळतं, तापलेल्या सायलेन्सरला लागतं आणि गाडीच पेटते.

पिंजरीचा ट्रॅक्टर तारेला लागून पेटला तर चालकानं बाहेर उडी मारावी, दोन्ही पाय जोडून. एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीवर, असं उतरायला गेलात तर वीज तुमच्यातून जाईल.

उसाला आग लागली तर?

ऊस पेटला की तडतड असा आवाज येतो, ज्यानं ऐकलाय तो विसरणार नाही. वाळलेलं पाचट, वारा आणि फडातून फडाकडे जाणारी आग. बंब बांधावरून आत जात नाही, गेला तर रुततो. त्यामुळे उसात आमचं काम बहुतेक वेळा पेटलेला ऊस वाचवण्याचं नसतं, शेजारचा वाचवण्याचं असतं. मधला पट्टा तोडून पाचट ओढून काढायचं, कडेनं पाणी मारायचं. गावकऱ्यांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग अडवलेली मी पाहिलीय, पण वाऱ्याच्या दिशेनं पुढे उभं राहू नका. फडात शिरलेल्या माणसाला धुरात दिशा कळत नाही.

जळालेल्या उसाचं वजन रोज घटतं, म्हणून कारखान्याच्या शेतकी विभागाला त्याच दिवशी कळवा. तारा लोंबकळत असतील तर आग लागण्याआधीच हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या पोचेच्या कागदाला नंतर भरपाईच्या वेळी सोन्याचं मोल येतं. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

गॅसचा वास आला तर काय करायचं?

बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. ठिणगी दोन्हीकडे पडते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

सिलिंडरच्या तोंडाशी नुसती ज्योत पेटली असेल तर ओलं पोतं आडवं धरून पुढे जा, ज्योत झाका आणि रेग्युलेटर फिरवा. हे आम्ही शाळेशाळेत करून दाखवतो, बाया न घाबरता करतात, पुरुषच मागे सरतात. पण सिलिंडर स्वतःच आगीत सापडून तापला असेल तर शौर्य नको, सगळ्यांना घेऊन लांब पळा.

कढईतलं तेल पेटलं तर?

झाकण. पाणी नाही. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं.

उद्यमबागेतल्या कारखान्यात आणि वडगावच्या विणकरांच्या मागावर वेगळं काय?

फाउंड्रीत वितळलेला धातू असतो. त्यावर पाणी पडणं म्हणजे स्फोट. तिथं आत शिरण्याआधी आम्ही भट्टीवाल्यालाच शोधतो, कारण कुठं काय वितळलेलं आहे हे त्यालाच ठाऊक. कोरडी वाळू तिथं पाण्यापेक्षा कामाची. मालक कधीकधी अमुक रसायन आत आहे हे लपवतात, परवान्याच्या भीतीनं. आमच्या पोरांच्या जिवाशी तो खेळ आहे.

मागाच्या घरात धोका तंतूंचा. वायरीवर, पंख्यावर, तुळईवर कापसाचा तो मऊ थर साठतो आणि एका ठिणगीनं आग डोळ्यांदेखत या टोकाहून त्या टोकाला जाते. घर लांबोळकं, पुढे माग, मागे स्वयंपाकघर, दार एकच. आठवड्यातून एकदा तो थर झाडून काढला तरी निम्मं काम झालं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचं काय?

तिथं ज्वाळा कमी आणि धूर फार. बोदांच्या, म्हणजे तंबाखूच्या गाठोड्यांच्या, थप्पीत आग मुंगीसारखी आत आत जाते. बोद न् बोद बाहेर काढून फोडावं लागतं, दोन-दोन दिवस जातात. त्या धुरानं डोकं गरगरतं, उलटी येते.

लोक भाजून मरतात की धुरानं?

बहुतेक वेळा धूर आधी मारतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून धुरात उभं राहू नका, जमिनीलगत रांगा. बंद दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. दार तापलेलं असेल तर उघडू नका.

आमच्या पाठीवर हवेचा बाटला असतो, आत सुमारे दोन हजार लिटर हवा दाबून भरलेली. कागदावर ती पाऊण तास पुरते. जिना चढून, होस ओढत, कुणाला खांद्यावर घेतलं की माणूस भराभरा श्वास घेतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते. शिट्टी म्हणजे परत फिर. आतून कण्हण्याचा आवाज येत असताना ती शिट्टी ऐकून मागे फिरायला शिकवावं लागतं. प्रशिक्षणात सगळ्यात अवघड तेच होतं, निदान मला तरी.

पूर, विहिरीत पडलेली जनावरं, साप, यालाही तुम्हीच?

खात्याच्या नावात "आपत्कालीन सेवा" आहे ती यासाठीच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदमच चढल्या. आगीपेक्षा तेव्हा बोटींचं काम जास्त. माणसं बोटीत बसायला तयार, पण म्हशीला सोडून येईनात. विहिरीतल्या जनावराला पोटाखालून पट्टा घालून उचलावं लागतं. गळ्यात दोर टाकून ओढू नका, फास बसतो. जुन्या विहिरीत किंवा टाकीत माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसरा उतरू नका. एकामागून एक उतरलेले तिघं आम्ही एकदा वर काढले.

साप आमच्याकडे नाही. सर्पमित्राला किंवा वनखात्याला सांगा.

गणपतीच्या मांडवाला तुमची परवानगी कशाला?

कापड, थर्माकोल, हॅलोजन आणि जनरेटर एका खोलीएवढ्या जागेत, वर गर्दी. परवानगी हा कागद, खरं बघायचं ते बाहेर पडायची दुसरी वाट. कार्यकर्ते दिवसा ती दाखवतात आणि संध्याकाळी तिथं ढोल ठेवतात. जनरेटरमध्ये चालू असताना डिझेल ओतू नका आणि मूर्तीपुढचा दिवा रात्री कुणाच्या तरी राखणीत ठेवा.

एप्रिलमध्ये शाळेत येऊन प्रात्यक्षिक दाखवता, ते कशासाठी?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकाइन या बोटीला आग लागली. पोटात कापूस आणि दारूगोळा. स्फोट झाले आणि विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान तिथंच गेले. त्यांच्यासाठी तो दिवस आणि पुढचा आठवडा पाळतात.

मराठी मुलांना या खात्यात नोकरी मिळते का?

मिळते, पण कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, यावर रुसून उपयोग नाही. प्रशिक्षण बेंगळुरूच्या आर. ए. मुंडकूर अकादमीत होतं. पुढे शिकायचं असेल तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. धावणं सगळे करतात, तुम्ही पोहायलाही शिका.

बंब आला तर पैसे द्यावे लागतात?

आग विझवायला किंवा जीव वाचवायला नाही. कार्यक्रमाला गाडी उभी करून हवी असेल तर शुल्क भरावं लागतं. चहा पाजलात तर घेतो.

आग विझली, बंब गेला. आता घरात जाऊ का?

लगेच नको. वीज हेस्कॉमच्या माणसानं बघितल्याशिवाय जोडू नका. कौलारू घर असेल तर वासे हातानं दाबून बघा. वरून काळा दिसणारा वासा आतून पोकळ झालेला असतो. जळालेलं सामान लगेच बाहेर फेकू नका, आधी फोटो काढा, तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या, विमा असेल तर त्यांना कळवा आणि आमच्याकडे अहवालासाठी अर्ज करा.

आणि त्या रात्री एक जण जागा ठेवा. गादी, कापसाची उशी, धान्याचं पोतं बाहेरून थंड लागतं, पण पहाटे चारच्या सुमाराला परत धूर काढतं. त्याच घरी दुसऱ्यांदा गेलोय मी, तेही दोन-तीनदा. गादी अंगणात न्या, फाडा, आतला कापूस बादलीत बुडवा आणि सकाळपर्यंत तसाच राहू द्या.